टायफॉईड: ‘मुदतीचा ताप’ आपोआप उतरण्याची वाट का पाहू नये?

टायफॉईडला मराठीत विषमज्वर म्हणतात. जळगाव, धुळे भागातली जुनी माणसे त्याला ‘मुदतीचा ताप’ म्हणतात, काही घरांत ‘मोतीझिरा’. ठरावीक मुदतीनंतर ताप जातो, ही समजूत प्रतिजैविके नव्हती त्या काळातली आहे. तेव्हा ताप तीन-चार आठवडे राहायचा आणि दहापैकी किमान एक रुग्ण दगावायचा. आज वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी राहते.

कशामुळे होतो?

‘साल्मोनेला टायफी’ या जिवाणूमुळे. रुग्णाच्या विष्ठेतून तो पाण्यात किंवा अन्नात उतरतो आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात जातो. खान्देशात अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे ते टाक्यांत, हंड्यांत, माठात साठवावे लागते. गळकी जलवाहिनी किंवा साठवलेल्या पाण्यात बुडवलेला हात संसर्गाला पुरेसा असतो. काही जणांच्या पित्ताशयात बरे झाल्यावरही जिवाणू राहतात आणि नकळत इतरांना लागण होते.

लक्षणे कोणती?

जिवाणू पोटात गेल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप सुरू होतो आणि रोज थोडा थोडा चढत जातो. डोकेदुखी, अशक्तपणा, भूक मंदावणे, पोटदुखी, बद्धकोष्ठता किंवा जुलाब होतात. सर्दी-पडसे सहसा नसते. मलेरिया आणि डेंग्यूतही ताप येतो, म्हणून अंदाजाने औषध घेऊ नये.

कोणती तपासणी करावी?

विडाल चाचणी स्वस्त आहे आणि सगळीकडे होते, पण एकदाच केलेल्या विडालवर पूर्ण विसंबता येत नाही. पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्या आजारातही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. रक्ताचे कल्चर अधिक खात्रीचे असते. ते पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी केलेले बरे. कोणते औषध लागू पडेल, हेही त्यातून कळते.

अर्धवट औषध का धोक्याचे?

योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागू शकतात. ताप उतरला म्हणून गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या गोळ्यांमुळे जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. जुनी काही औषधे आता टायफॉईडवर चालत नाहीत, त्याचे हेच एक कारण आहे.

लगेच दवाखाना कधी गाठावा?

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर डॉक्टरांना दाखवा. पोटात अचानक तीव्र कळ, पोट फुगणे, काळी किंवा रक्ताची शौच, सतत उलट्या, बरळणे किंवा गुंगी असेल तर थांबू नका. उपचार लांबल्यास, विशेषतः तिसऱ्या आठवड्यात, आतड्याला छिद्र पडू शकते. मग शस्त्रक्रियेशिवाय पर्याय उरत नाही. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

टाळता येतो का?

पाणी उकळून प्या. माठातले पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा. उघड्यावरचा बर्फ, कापलेली फळे टाळा. लसही उपलब्ध आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी टायफॉईड लसीकरण मोहीम सुरू केली होती. मुलांच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा.