दोन पर्याय उरतात तेव्हा

पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलांच्या तोंडी हमखास एक वाक्य असतं: “दोन ऑप्शनमध्ये कन्फ्यूज झालो.” चारांतले दोन पर्याय बहुतेक जण सहज खोडतात. उरलेल्या दोनांचं काय करायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेतला कल तपासणारा पेपर, आणला, महाराष्ट्राच्या आयोगाने २०१३ मध्ये. केंद्राच्या पेपरात ८० प्रश्नांना दोन तास मिळतात. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर त्याचा एक तृतीयांश कापला जातो. दोनच पर्याय उरले तर एक ठोकून द्यावा, असं क्लासमध्ये सांगतात. हिशेब म्हणून ते खरंच आहे; फक्त त्यात विचार कुठेच करावा लागत नाही.

एक युक्तिवाद घेऊ. ‘ठिबक आल्यापासून गावातल्या विहिरींची पातळी उतरतेच आहे, म्हणजे ठिबकने पाणी वाचत नाही.’ यात काय गृहीत धरलं आहे? उरलेले पर्याय असे: विहिरींची पातळी फक्त शेतीच्या उपशावर अवलंबून असते, किंवा, ठिबकने वाचलेलं पाणी नव्या क्षेत्राला दिलं गेलेलं नाही. पहिला भारदस्त वाटतो, म्हणून पुष्कळांचा हात तिकडे जातो. आता दोन्ही नाकारून पाहा. पातळी पावसावरही अवलंबून आहे असं मानलं, तरी पाऊस नेहमीसारखाच झाला असेल तर युक्तिवाद तग धरतो. वाचलेलं पाणी नव्या उसाला गेलं असं मानलं, की तो जागीच कोसळतो, कारण पाणी वाचलं होतं हे त्यातच कबूल झालं. उत्तर दुसरा पर्याय. पहिल्याला ‘फक्त’ हा शब्द नडला: युक्तिवादाला लागतं त्यापेक्षा तो जास्त बोलतो.

लागतं त्यापेक्षा जास्त बोलण्याचं हे दुखणं आपल्याकडे फार आधी ओळखलेलं आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, अग्नी दिसला तर धूर आहे असं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अशा दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हेच उदाहरण आहे. परीक्षेतला फसवा पर्याय पुष्कळदा असाच, उलटा फिरवलेला असतो.

काही प्रश्न मुळातच सदोष असतात. हरकती आल्यावर आयोगही ते रद्द करतो. पण आपल्याला न सुटलेला प्रत्येक प्रश्न सदोष नसतो, एवढं मान्य करून पुढे चला.

वाचकांना एकच विनंती. उत्तर तपासण्याआधी, सोडून दिलेला पर्याय नेमका कोणत्या शब्दावर पडला ते वहीत एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमेपर्यंत पुढच्या प्रश्नाकडे वळू नका.