पेण-रोह्याची माती आणि आपलं नाव



पाहुणे आले की आम्ही त्यांना पेणला गणपतीच्या कारखान्यांत नेतो. शेजारी हमरापूर, जोहे इथंही घरोघर हेच काम. मूर्ती घासायला, रंगवायला कितीतरी बायका बसतात. 2023 साली पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालं. येताना पोह्याचे पापड, मिरगुंडं बांधून द्यायची. तीही बायकांच्याच हातची. मग रोहा. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, ते बघायचं. आणि कुंडलिका बघायची.

आमची कुंडलिका ऐन वैशाखातही वाहते. ते पाणी घाटावरून, मुळशी धरणातून येतं. भिऱ्याला त्यावर वीज होते, 1927 पासून, आणि मग ते नदीत सुटतं. त्यावर कोलाडकडची शेतं भिजतात, पर्यटक होड्या हाकतात. पण त्या धरणात मावळातली गावं बुडाली. 1921 साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. बायकाही उतरल्या, तुरुंगात गेल्या. तरी जमिनी गेल्याच. आपली नदी बघताना त्या बायांची आठवण ठेवायला हवी.

पेणच्या जमिनीवरही अशी वेळ आली होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांची शेतं महामुंबई सेझला हवी होती. लोक रस्त्यावर उतरले, मोर्च्यांत बायका पुढं होत्या. शेवटी 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारनं शेतकऱ्यांचा कौल घेतला. मुळशीला हे कुणी विचारलं नव्हतं. पुढं तो प्रकल्प झाला नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. कौल जमीनधारकांचा होता. लावणी आपण करतो, खारबांध फुटला तर चिखल आपण उपसतो. पण ज्या घरी सातबाऱ्यावर फक्त पुरुषाचं नाव, तिथं मतही त्याचंच.

पेण तालुक्यातल्याच गागोद्याला 1895 साली जन्मलेले विनोबा भूमिहीनांसाठी जमीन मागत देशभर चालले. आपल्याला तर हक्काचंच मागायचंय. महाराष्ट्रात 1994 पासून, देशात 2005 पासून, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे.

गाव आपलं आहे, हे आम्ही अभिमानानं सांगतोच. ते कागदावरही दिसू दे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरचा सातबारा घेऊन या. सगळ्याजणी मिळून वाचूया, कुणाकुणाचं नाव आहे ते.