शब्दावडंबर : एका शब्दाची कुळकथा

साधी गोष्ट जडजंबाल भाषेत सांगण्याच्या हौसेला मराठीत 'शब्दावडंबर' म्हणतात. या शब्दाची कुळकथा मोठी बोधप्रद आहे.

'अवडंबर' हे संस्कृत 'आडंबर' शब्दाचे मराठी रूप. आडंबर हा मुळात एक प्रकारचा नगारा. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, ३० व्या अध्यायात, नाना व्यवसायांची लांबलचक यादी आहे. तीत आडंबर वाजविणाराही येतो. पुढे अमरकोशात वाद्यांचा घोष आणि हत्तींची गर्जना असे या शब्दाचे अर्थ दिलेले आढळतात. आवाजाचा हा शब्द हळूहळू नुसत्या थाटमाटाचा झाला. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त गौड देशातील कवींचे लक्षण म्हणून 'अक्षरडंबर' सांगितले. खुद्द बाणाचे समास ओळीच्या ओळी व्यापतात, ही त्यातली गंमत!

इंग्रजीत अशा भाषेला 'बॉम्बॅस्ट' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ कापसाचे भरण. सोळाव्या शतकात युरोपातील श्रीमंत मंडळी अंगरखे फुगीर दिसावेत म्हणून आत कापूस ठासत. त्यावरून फुगविलेल्या भाषेलाही तेच नाव पडले. एका भाषेला पोकळ नगारा आठवला, दुसरीला कापूस, मर्म एकच.

पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या शेतकऱ्याला हे मर्म उलगडून सांगावे लागणार नाही. कापसाची गाडी डोंगराएवढी दिसली, तरी पैसे मिळतात ते काट्यावरच्या वजनाचे. याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दळणकांडण, झाडलोट, शेणी वेचणे या कष्टांतूनच त्यांची अभंगवाणी फुलली. सुमारे सातशे वर्षे झाली, तरी ती लोकांच्या ओठी आहे. कारण तिच्यात वजन आहे.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात प्रीतीवाचून बोलणाऱ्याला वाजणाऱ्या पितळेची उपमा दिली आहे. शब्दावडंबराचा खरा दोष येथे कळतो. तो व्याकरणाचा नव्हे, प्रीतीच्या अभावाचा आहे. पीकविम्याची सूचना अशा भाषेत लिहिली, की शेतकऱ्याला शेवटची तारीखच उमगत नाही. प्रवचन तसे झाले, की दुःखी माणूस आला तसाच परत जातो. ज्याच्या हितासाठी बोलायचे, तोच बाहेर राहतो. म्हणून बोलण्यापूर्वी आपण प्रत्येकाने एवढेच पाहावे : समोरच्याच्या पदरात काय पडणार आहे, वजन की नुसता फुगवटा?