तोकडा की तो कडा?

तुमच्या अमेरिकेतल्या बँक कार्डावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शोधून पाहा. बहुधा त्याचं एकच अक्षर उरलेलं दिसेल.

तसाच प्रकार माझ्या हातूनही झाला. श्रूजबरीतल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांची यादी मी डेटाबेसमध्ये भरत होते. 'पूर्ण नाव' हा एकच रकाना होता. मोकळी जागा दिसेल तिथे तोडायचं, असा रेग्युलर एक्स्प्रेशनचा नियम क्वेरीत लिहिला. पहिला तुकडा नाव, दुसरा मधलं नाव, तिसरा आडनाव. बहुतेक नावं नीट बसली. एका मुलीच्या नावात मात्र आईचंही नाव होतं. तिच्या वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं आणि खरं आडनाव गळून पडलं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये स्वतःचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरवला आहे. तेव्हा अशी नावं वाढणारच.

या नियमांचा उगम गमतीदार आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये चेतापेशींच्या जाळ्यांचं गणिती वर्णन करताना ते मांडले. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते मजकूर शोधायला वापरले. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रकान्यातलं मूल्य अविभाज्य असावं, असं सुचवलं. पण अविभाज्य काय, हे गणित ठरवत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच. मोडीत आधी शिरोरेषा ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. 'तोकडा' असं लिहिलं असेल तर ते अपुरं या अर्थी, की 'तो कडा'? पुढचंमागचं वाचून, गावं-माणसं ओळखून वाचणाऱ्यानेच ते तोडायचं. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' छापताना वि. का. राजवाड्यांना जुन्या कागदांतल्या अशा किती ओळी तोडाव्या लागल्या असतील! मूळ कागद जपलेला असला, तर चुकलेली तोड पुढचा अभ्यासक सुधारू शकतो.

म्हणून मीही आता मूळ रकाना पुसत नाही. तीनच शब्द असतील तरच क्वेरी नाव तोडते. बाकीची नावं ती बाजूला काढते, आणि मी त्या घरी फोन करून विचारते, "तुमचं नाव कसं लिहू?"