कडी-कोयंड्यापासून लॅचपर्यंत

पंचवीस वर्षांपूर्वी फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हा बिल्डरने दिलेल्या दाराला एक कडी-कोयंडा आणि एक साधं लॅच होतं. आज कुठल्याच मजल्यावर ते तसं राहिलेलं नाही. मधल्या काळात आपली दोन घरं भरदुपारी फुटली, आणि मग सेफ्टी डोअर आले, जाड कुलपं आली. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने या कुलपांचा थोडा इतिहास सांगतो; त्यात आपल्या कामाचंही बरंच आहे.

‘कुलूप’ हा शब्द मूळ अरबी ‘कुफ्ल’. वाड्याच्या दाराला आतून अडसर असे. भक्कम खरा, पण तो लावायला घरात माणूस लागे. घर बंद करून बाहेर पडायचं, तर कुलूपच हवं.

आजच्या कुलपांची खरी घडण इंग्लंडात झाली. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरनने असं कुलूप केलं, की त्यातले लिव्हर नेमक्या उंचीवर उचलले गेले तरच ते उघडे. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने त्यात भर घातली : कुणी खोटी किल्ली चालवली की कुलूप अडकून बसे आणि मालकाला सुगावा लागे. जोसेफ ब्रामाचं कुलूप तर लंडनच्या दुकानात काचेआड मांडलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस! कित्येक वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चबचं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला मात्र त्याला ५० तासांहून जास्त लागले.

पुढे अमेरिकेत लायनस येल (धाकटा) याने प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपातली पिनांची युक्ती छोट्या धातूच्या नळीत बसवली. आपल्या लॅचची चपटी, दातेरी किल्ली ती हीच. आपल्याकडे १८९७ मध्ये वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला.

आता आपल्या दोन घरांचं पाहा. चोरांनी कुलपाला हातही लावला नव्हता. कोयंडाच उचकटला; कुलूप बिचारं बंदच्या बंद लोंबत होतं! म्हणून कुलपावर खर्च करताना चौकटही बघा. लॅचची जीभ चौकटीत खोल जायला हवी, पट्टीचे स्क्रू लांब हवेत. दार नुसतं ओढून घेतलं तर स्प्रिंगची तिरकी जीभ पातळ पट्टीनेही सरकू शकते. बाहेर जाताना किल्ली फिरवून सरळ जीभ लावाच. किल्ली हरवली, भाडेकरू बदलला, तर बहुतेक लॅचमध्ये नुसती नळी बदलून भागतं.

दुसरी बाजूही आहे. एका आजी बाथरूममध्ये पडल्या, दाराला आतून कडी. दार फोडेपर्यंत अर्धा तास गेला. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी आतून कडी न घालता, बाहेरून किल्लीने उघडेल असंच लॅच लावावं आणि एक किल्ली शेजारी ठेवावी. चोर बाहेर राहिला पाहिजे, पण मदतीला येणारा नव्हे.

या वर्षी सोसायटीने एकदाच सुतार बोलावून सगळ्या चौकटी तपासून घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सर्वांना शुभेच्छा!