देवी, मरीआई आणि अपोलोचे बाण

आजाराला देवाचं नाव देणारे आपण एकटेच आहोत का, असा प्रश्न अनेकांना पडत असेल. 'देवी आल्या', 'बाया आल्या', 'माता निघाली' हे शब्द नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही घरात नवे नाहीत. इतकंच काय, त्या आजारावरच्या लसीलाही आपण 'देवी काढणं' म्हणत आलो. घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसांचा दंड बघा. तिथे रुपयाएवढा गोल वण दिसेल. तो देवीच्या लशीचा. आज तो तरुणांच्या दंडावर का नाही, हे पुढे येईलच.

तर प्रश्नाचं उत्तर असं की, आपण एकटे नाही. ज्यांच्याकडून आधुनिक वैद्यकाचे निम्मे शब्द आले, त्या ग्रीकांची गोष्टही अशीच सुरू होते. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या अगदी सुरुवातीला ग्रीक सैन्याच्या तळावर साथ येते. कारण काय, तर सेनापतीने अपोलो देवाच्या पुजाऱ्याचा अपमान केला. रागावलेला अपोलो धनुष्य घेऊन बसतो आणि नऊ दिवस बाण सोडत राहतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. गंमत म्हणजे हाच अपोलो रोग बरे करणाराही देव! ज्याने साथ पाठवली त्यालाच शांत करायचं, म्हणजे ती जाईल.

हा विचार मराठवाड्यातल्या कुणालाही परका वाटणार नाही. मरीआई पटकी आणते आणि मरीआईच पटकीपासून राखते. (पटकी म्हणजे कॉलरा, हा शब्द आता आजोबांच्या पिढीबरोबर चालला आहे.) देव कोपला की त्याला नाव ठेवायचं नाही, उलट गोड नावाने हाक मारायची, हीसुद्धा दोन्हीकडची रीत. ग्रीकांकडे सूड घेणाऱ्या, डोक्यावर साप असलेल्या भयंकर देवता होत्या. त्यांचं खरं नाव एरिनिस, पण लोक भीतीने त्यांना 'युमेनिडीज' म्हणजे 'कृपाळू बाया' म्हणत. आपण मरीला 'आई' म्हटलं आणि अंगावर आसूड ओढणाऱ्या पोतराजाच्या देवीला 'कडकलक्ष्मी'. भीती तीच, तोडगा तोच.

मरीआईचं ठाणं बहुतेक गावांत वेशीजवळ किंवा वेशीबाहेर असतं आणि तिचा मान आषाढात. आषाढच का, याचा डॉक्टर म्हणून विचार केला तर उत्तर पटकन सापडतं. पहिल्या मोठ्या पावसाने गावाभोवतीची घाण वाहून ओढ्यात, आडात आणि पायऱ्यांच्या बारवेत उतरते. तेच पाणी सगळं गाव पितं. चार-आठ दिवसांत जुलाब-उलट्या सुरू. कॉलऱ्याचा जंतू कुणालाच ठाऊक नव्हता, पण तो कोणत्या महिन्यात येतो हे लोकांनी अचूक टिपलं होतं. पंचांग बरोबर होतं, कारण चुकलं होतं.

1948 पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबाद-सिकंदराबादेत आजही आषाढातच 'बोनालू' हा देवीचा मोठा उत्सव होतो. त्याची परंपरेने सांगितली जाणारी कथाही कॉलऱ्याचीच आहे. 1813 च्या सुमारास तिकडे साथ आली, तेव्हा उज्जैनला असलेल्या पलटणीतल्या लोकांनी महाकालीला नवस केला आणि साथ ओसरल्यावर सिकंदराबादेत तिची स्थापना केली, असं सांगतात. आता अथेन्सचं बघा. इसवी सनपूर्व 430 मध्ये तिथे भयंकर साथ आली. तिच्यातून गाव सावरलं, तेव्हा दहाएक वर्षांनी अथेन्सकरांनी एपिडॉरस या तीर्थक्षेत्राहून अ‍ॅस्क्लेपिअस नावाचा वैद्यदेव आपल्या शहरात आणून बसवला. साथ येते, माणसं मरतात आणि मागे एक देऊळ उभं राहतं. दोन हजार वर्षांचं आणि काही हजार किलोमीटरचं अंतर असूनही गोष्ट एकच.

त्या अथेन्सच्या साथीबद्दल थुसिडिडीज नावाच्या इतिहासकाराने जे लिहून ठेवलं, ते मला कुठल्याही कथेपेक्षा मोलाचं वाटतं. त्याला स्वतःला तो आजार झाला होता. त्याने नोंदवलं की देवळातल्या प्रार्थनांचा उपयोग झाला नाही, वैद्य सगळ्यांत जास्त मेले आणि जे एकदा बरे झाले त्यांना तो आजार पुन्हा तसा जीवघेणा झाला नाही. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. लस या कल्पनेचं सगळं मूळ त्यात आहे, फक्त ते उगवायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

आपल्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा काढत. लाकडी छोट्या गाड्यात देवी, हळदकुंकू, दहीभात, लिंबाचा पाला ठेवून वाजतगाजत तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे सोडून यायचं. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर. यात सगळा गाव एकत्र यायचा, घाबरलेल्या माणसांना धीर यायचा, हे मी नाकारणार नाही. पण कॉलऱ्याचा जंतू शीव ओळखत नाही. तो पाण्यातून आणि आजारी माणसाच्या हातापायांतून जातो. गाड्याबरोबर माणसंही चालत होतीच.

1854 मध्ये लंडनला जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर फिरून दाखवलं की एका विशिष्ट पंपाचं पाणी पिणारे लोक मरत आहेत. 1884 मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात हा जंतू रुग्णांत आणि तलावाच्या पाण्यात ओळखला. 1959 मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवलं की जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि त्यामुळे शरीरातलं पाणी बाहेर ओतलं जातं. म्हणजे माणूस मरतो तो पाणी आणि मीठ संपल्यामुळे. मग उपाय सोपा झाला. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आला. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हेच पाजत राहायचं. 'जुलाबात पाणी दिलं की जुलाब वाढतात' हे अजूनही ऐकू येतं. ते खोटं आहे, आणि त्यापायी आजही लहान मुलं दगावतात.

आता देवी. या आजाराची देवी शीतला. हातात झाडू आणि पाण्याचा घडा, डोक्यावर सूप, वाहन गाढव. ताप आणि आग शमवणारी ती शीतल, म्हणून नैवेद्य थंड. घरात देवी आल्या की फोडणी बंद, पाहुणे बंद, दाराला लिंबाचे डहाळे. नीट पाहिलं तर यातला पाहुणे बंद करण्याचा भाग म्हणजे चक्क विलगीकरण. लिंबाचा डहाळा 'इथे आत येऊ नका' ही पाटीच होती. पण याच भक्तीची दुसरी बाजू अशी की औषध म्हणजे देवीचा अपमान समजला जाई. आणि देवीचा आजार साधा नव्हता. दर चार-पाच रुग्णांत एक जण दगावे, वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी जाई.

लसीच्या आधीही आपल्या देशात काही भागांत 'टीका' काढत. देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, म्हणजे सौम्य आजार होऊन पुढे संरक्षण मिळे. त्यात धोका होता, पण खऱ्या देवीपेक्षा फार कमी. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीचा वापर करून जास्त सुरक्षित वाट काढली. ती लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी. अ‍ॅना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी होती ती. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेल्या लशीने पुढे इतरांना टोचलं गेलं. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं देवी डॉक्टर गावोगाव फिरले. लोक मुलं लपवत, देवी कोपेल म्हणत. शेवटी 1975 मध्ये देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस होतं. त्याच वर्षी मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. तरुणांच्या दंडावर वण नाही तो म्हणूनच. शीतलेची देवळं मात्र आहेत, आणि असायला माझी काही हरकत नाही.

अ‍ॅस्क्लेपिअसच्या तीर्थक्षेत्रात रुग्ण रात्री झोपायला जात. स्वप्नात देव येऊन बरं करेल किंवा उपाय सांगेल, ही श्रद्धा. लातूरकडून गाणगापूरला 'बाहेरची बाधा' घेऊन मुक्काम करणारे आपण पाहतोच. एपिडॉरसला बरे झालेल्यांच्या हकिकती दगडावर कोरून ठेवल्या होत्या. असंच एकदा दुसऱ्या एका ग्रीक देवस्थानात समुद्रातून वाचलेल्यांनी वाहिलेल्या पाट्या कुणीतरी डायगोरसला कौतुकाने दाखवल्या. तो म्हणे, बुडालेल्यांनीही पाट्या लावल्या असत्या तर यापेक्षा कितीतरी जास्त झाल्या असत्या. 'अमक्या ठिकाणी नेलं आणि बरा झाला' असं कुणी सांगितलं की मला डायगोरस आठवतो. ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येत नाहीत.

याच ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथात फिट्सच्या आजाराबद्दल लिहिलं गेलं की याला लोक 'पवित्र आजार' म्हणतात, पण तो इतर आजारांइतकाच पवित्र आहे, जास्त नाही. त्याचं मूळ मेंदूत आहे. हे इसवी सनापूर्वी! आपल्याकडे अजूनही फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात आणि 'अंगात आलं' म्हणून गोळ्या बंद करतात. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

देवी गेली, पण 'बाया' हा शब्द गोवर आणि कांजिण्यांवर जाऊन बसला. गोवर हा खेळवायचा आजार नाही. लस न घेतलेल्यांमध्ये एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. 2022 च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराने मुलं दगावली. मरण येतं ते बहुधा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. ताप, पुरळ, लाल डोळे असलेलं मूल धापा टाकत असेल, पीत नसेल, गुंगीत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गोवरात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात, त्याने दृष्टी आणि जीव दोन्ही वाचतात. आंघोळ आणि जेवण बंद करू नका. बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत एम-आर लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

राहिली नागीण. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही मज्जातंतूंच्या गाठींत लपून बसतो आणि वय झालं, मधुमेह असला, प्रतिकारशक्ती घटली की एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. आपण म्हणतो नागीण. वैद्यकात म्हणतात हर्पिस झोस्टर. हर्पिस हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. त्यांनाही तो सरपटतच दिसला! 'नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो' या भीतीने लोक गेरू लावून घ्यायला धावतात. पण मज्जातंतू शरीराच्या अर्ध्या बाजूतच पसरतो. म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी थांबतं आणि ते सहसा जुळत नाही. थोडक्यांत, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांच्यात, ते जास्त पसरू शकतं. त्याला ताबडतोब उपचार लागतात, गेरू नाही. गेरूत जातात ते दोन-तीन दिवस मात्र फार महागात पडतात, कारण गोळ्या पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. उशीर झाला तर पुरळ जातं, पण काहींना आग आणि कळ महिनोन्‌महिने राहते. आणि पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.