ध्वनिफितीचा श्रोता आणि 'गारवा'विषयीचा वाद

मराठी भावकवितेच्या इतिहासात कवी आहेत, संग्रह आहेत, मंडळे आणि संप्रदाय आहेत. ज्यांनी ही कविता मुख्यतः कानांनी ग्रहण केली ते लोक मात्र त्यात नाहीत. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाङ्मयाचा इतिहास ग्रहणाच्या अंगाने लिहिला जावा असे प्रतिपादन केले. त्याची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना आपल्याकडील चर्चासत्रांतून पुष्कळ फिरलीही. पण आपण ती वापरली ती छापील संहितेच्या वाचकापुरती. ज्या समाजात कवितासंग्रहाची हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षे लागतात आणि त्याच कवीचे गीत असलेली ध्वनिफीत गावोगाव वाजते, त्या समाजात केवळ वाचकाचा विचार करणे म्हणजे ग्रहणाचा मोठा भाग आधीच वगळणे होय. हा वगळलेला श्रोता मूक नसतो. तो वाद घालतो, बाजू घेतो, अमुक संग्रह तमुकापेक्षा का सरस हे कारणे देऊन सांगतो. या वादांना समीक्षाव्यवहार म्हणता येईल काय, आणि म्हटले तर त्याचे निकष कोठून येतात, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. उदाहरण घेतले आहे ते मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा' (१९९८) या ध्वनिफितीचे, आणि ठिकाण बीड जिल्ह्यातील आष्टी.

आष्टीची निवड केवळ मी तेथे वाढलो व शिकवतो म्हणून केलेली नाही. बालाघाटाच्या पठारावरचा, पर्जन्यछायेतला हा तालुका. जिल्ह्याची वार्षिक सरासरीच साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही दर वर्षी गाठली जातेच असे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येथून कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जिल्ह्याचे ठिकाण बीड, पण व्यवहाराचा ओढा पूर्वीपासून अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे. एके काळी या दोन गावांमध्ये निजामाच्या राज्याची हद्द होती. पुणे आकाशवाणीवरून एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते प्रसारित झाली तेव्हा आष्टी अद्याप हैदराबाद राज्यात होती. मुंबई राज्यात ती आली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. सांस्कृतिक केंद्रापासूनचे हे अंतर लक्षात घेतले म्हणजे पुण्या-मुंबईत घडलेले भावगीत येथे कोणत्या वाहनावर बसून आले, याला महत्त्व प्राप्त होते.

वाहन बदलले की वादाचा विषयही बदलतो. १९०२ साली कलकत्त्यात भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली. तेव्हापासून पुढे जवळपास अर्धशतक गाण्याचे एकक म्हणजे तबकडीची एक बाजू, सुमारे तीन-साडेतीन मिनिटे. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गायिली आणि मेहकरच्या एका कवीची कविता त्याचा संग्रह निघण्यापूर्वी दोन दशके घराघरांत पोहोचली. 'शीळ' हा संग्रह आला १९५४ मध्ये. या काळातील श्रोत्याचा वाद एका गीताविषयी, फार तर एका गायकाविषयी असे. अनेक गीतांच्या समुच्चयाला एक कृती मानण्याची सोयच त्याला नव्हती. 'अल्बम' हा शब्दही मुळात तबकड्या ठेवण्याच्या जाड वहीसारख्या बांधणीसाठी वापरला जाई. आशयाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादन तबकडी आली, तिच्या एकेका बाजूवर वीसेक मिनिटे मावू लागली, आणि बांधणीचे नाव कृतीला मिळाले. आपल्याकडे दीर्घवादन तबकडी ज्या घरांत होती ती घरे मोजकी होती. आष्टीसारख्या गावात संग्रह या रूपाने गाणे आले ते कॅसेटमुळेच.

कॅसेटविषयी पीटर मॅन्युएल यांचे १९९३ सालचे पुस्तक महत्त्वाचे आहे. उत्तर भारतातील कॅसेट-व्यवसायाने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडून स्थानिक, जातीय आणि भक्तिपर संगीताला कसे बळ दिले, हे त्यांनी दाखविले. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते, पुढे आनंद शिंदे यांची लोकगीते यांच्या प्रसाराने तेच सिद्ध होते. परंतु मॅन्युएल यांचा भर उत्पादनावर आहे. कॅसेटने श्रोत्याच्या आस्वादाची घडण कशी बदलली हा प्रश्न तेथे दुय्यम राहतो. कॅसेटला दोन बाजू असतात आणि एक सक्तीचा क्रम असतो. मधले गाणे वगळायचे तर फीत पुढे पळवावी लागते, अंदाज चुकतो, फीत गुंतते, पेन्सिल घालून फिरवावी लागते. त्यामुळे श्रोता नावडते गाणेही ऐकतो आणि पुष्कळदा ते त्याला आवडू लागते. आस्वादाच्या या सक्तीतून 'पूर्ण कॅसेट' नावाची वस्तू श्रोत्याच्या मनात आकार घेते. कवितासंग्रह वाचणाराही इतका क्रमनिष्ठ नसतो.

'गारवा' ही अशा क्रमनिष्ठ श्रवणासाठीच जणू रचलेली कृती होय. ती चित्रपटाशी निगडित नव्हती. तिच्यामागे ना भक्तीचे निमित्त होते, ना नाटकाचे. एक संगीतकार-गायक आणि एक कवी यांनी मिळून एकाच भाववृत्तीच्या गीतांचा समुच्चय केला आणि गीतांआधी कवीच्या आवाजातील कवितावाचन ठेवले. सौमित्र हे किशोर कदम यांचे कविनाम. सत्यदेव दुबे यांच्या नाट्यसंस्कारातून आलेल्या या नटाचे वाचन रविकिरण मंडळाच्या काव्यगायनापासून फार दूरचे आहे. मंडळाच्या कवींनी कविता गाऊन दाखविली आणि १९२५ मध्ये अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'नी त्या हौसेची यथेच्छ थट्टा केली. येथे कवी गात नाही. तो बोलतो, जवळजवळ कुजबुजतो, आणि गाणे दुसऱ्यावर सोपवितो. पाऊस, आठवण, एकटेपणा, स्पर्श हा या गीतांचा संकेतव्यूह नवा नव्हता. नवी होती ती त्यांची सलग धुंद.

आष्टीत या कॅसेटविषयीचा वाद मी ऐकला तो महाविद्यालयीन वयात आणि नंतरही कितीतरी वर्षे: बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर, भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या मुलांत, पुढे माझ्याच वर्गात. त्याचे केंद्र एकच होते. वाचन महत्त्वाचे की गाणे? एका पक्षाचे म्हणणे असे की, कविता ऐकल्यावाचून गाणे 'लागत' नाही, कविता ही जमीन तयार करते. दुसरा पक्ष म्हणे, पहिल्या दोन वेळा कविता ठीक; मग ती वाट अडविते. हा वाद वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो शब्दार्थ आणि स्वर यांच्या संबंधाविषयीचा आहे, आणि काव्यशास्त्राला तो परका नाही. स्वर शब्दाचा अर्थ विस्तारतो की पुसून टाकतो? पाश्चात्त्य रॉक संगीतात, विशेषतः स्वप्निल म्हणवल्या जाणाऱ्या शाखेत, हा प्रश्न वेगळ्या टोकाला गेला. स्कॉटलंडमधील कॉक्टो ट्विन्स या वाद्यवृंदाची गायिका एलिझाबेथ फ्रेझर असे गाते की शब्द बहुधा कळतच नाहीत. 'ट्रेझर' (१९८४) श्रेष्ठ की 'हेवन ऑर लास वेगास' (१९९०), हा त्यांच्या चाहत्यांचा जुना तंटा आहे, आणि दुसऱ्या कृतीत शब्द किंचित अधिक कळतात, हेच तिच्या बाजूने आणि विरुद्धही मांडले जाणारे कारण आहे. तेथे अर्थ धूसर असणे हा गुण ठरू शकतो. मराठी श्रोत्याला हे मानवत नाही. अभंग आणि लावणी ऐकलेला त्याचा कान शब्द सोडायला तयार नसतो. म्हणूनच 'गारवा'ची धुंदी त्याला कवितेच्या आधारासह हवी की आधारावाचून, यावर तो भांडतो.

येथे वादाच्या वृत्तीविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. दोन पक्ष पाडून ऐकणे ही आपल्याकडे कॅसेटने आणलेली सवय नव्हे. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावर शाहीर झगडत आणि श्रोते पक्षाप्रमाणे विभागले जात. तेथे मात्र वाद मंचावर होता, श्रोत्यांनी त्यात हाकारे द्यायचे. कॅसेटच्या काळात मंच गेला आणि वाद श्रोत्याच्या तोंडी आला. हे स्थित्यंतर मला फार महत्त्वाचे वाटते.

आता पावसाविषयी. 'गारवा'चा पाऊस हा शहरी, खिडकीतून पाहिलेला, नोकरी-शिक्षणातून उसंत मिळालेल्यांचा पाऊस आहे, अशी टीका सहज सुचते आणि तशी ती केलीही जाते. ज्या तालुक्याने १९७२ पाहिले, २०१२-१३ मध्ये जनावरांच्या छावण्या आणि टँकर पाहिले, त्याने या पावसाला नाकारायला हवे होते असा या टीकेचा गर्भित तर्क. अडोर्नो याने १९३८ सालच्या निबंधात वर्णिलेली 'श्रवणाची अवनती' येथे लावून दाखविणेही अवघड नाही. परंतु हा तर्क श्रोत्याला न विचारता केलेला आहे. आष्टीत वाचनाचा पक्ष घेणाऱ्यांचे एक ठरलेले कारण असे, आणि ते मी अन्यत्र ऐकलेले नाही: शीर्षकगीताआधीची कविता पावसापासून सुरू होत नाही, ती उन्हापासून सुरू होते. कवितेतला माणूस आधी उन्हाळा सोसतो, तोही दर वर्षीचा. मग आभाळ बदलते. केवळ गाणे ऐकणाऱ्याला गारवा मिळतो, पण तो कशावर मिळाला हे कळत नाही. मे महिन्यात, विहिरीने तळ दाखविलेला असताना ही कॅसेट ऐकणाऱ्याच्या दृष्टीने कवितेतील ऊन ही प्रस्तावना नसून मुख्य आशय होतो आणि पाऊस हा त्याचा शेवट. संहिता तीच, क्षितिज वेगळे, म्हणून तिचा गुरुत्वमध्यही वेगळा. मला हे वाचन पुण्यातल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक मर्मग्राही वाटते. ते पळवाटेचे श्रवण खचित नव्हे.

अर्थात सगळाच वाद या पातळीवर चालत नव्हता. 'सांज गारवा' आल्यावर तो पुष्कळसा पुनरुक्तीच्या आरोपात अडकला. पहिल्या संग्रहाने घडवलेली अपेक्षा दुसऱ्याने पुरवली तर 'तेच ते' म्हणायचे आणि मोडली तर 'ती मजा नाही' म्हणायचे, ही अडचण छापील कवींनाही चुकलेली नाही. ऋतूऐवजी प्रहर आला, पावसाऐवजी संध्याकाळ आली. भाववृत्ती तीच राहिली. त्या दुसऱ्या संग्रहाची बाजू घेणारे थोडे होते, पण त्यांचा मुद्दा नेमका होता: पाऊस हा प्रसंग आहे, संध्याकाळ ही सवय आहे, आणि सवयीवरचे गाणे हळू चढते.

यानंतरच्या दशकात संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी वादाची भूमी बदलली. 'दिवस असे की' या त्यांच्या संग्रहाचा सूर मंद, आत्ममग्न होता. २००३ पासून 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने मात्र गीतांना निवेदन, विनोद आणि सभागृह दिले. विरह, बालगीत, उपहास, पालकत्व, सारे एकाच मैफलीत. 'नामंजूर'पर्यंत येता येता श्रोते दोन तट करून बसले होते. एकाग्र भाववृत्तीचा संग्रह श्रेष्ठ, की नाना भाववृत्तींचा? माझा कल पहिल्याकडे आहे, पण दुसऱ्या पक्षाचे एक म्हणणे खोडता आलेले नाही: एकच भाववृत्ती तासभर टिकवणारी कॅसेट दिवसाच्या एकाच वेळी ऐकता येते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवर रात्र काढणाऱ्या माणसाला जागे ठेवील असे गाणे हवे असते, निजवील असे नको. निकष येथे जगण्याच्या वेळापत्रकातून आलेला आहे. साहित्यबाह्य म्हणून तो झटकून टाकणाऱ्या समीक्षकाने ओव्या जात्यावर म्हटल्या जात हे आठवावे.

कॅसेट गेली तशी संग्रहाची कल्पनाही विरळ झाली. मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्ड भरून मिळू लागले, शेकडो गाणी एका कार्डात आणि क्रम संगणकाच्या वर्णानुक्रमाचा. आता तर तेवढेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टी-नगर रेल्वे सुरू झाली. तिच्यातून जाणारी मुले कानांत यंत्रे खुपसून ज्याचे त्याचे ऐकतात. एकच फीत पाचजणांनी मिळून ऐकली म्हणून पाचजणांना भांडता आले, ही साधी भौतिक अट होती. तरीही जूनच्या आरंभी सौमित्रांची ती उन्हाची कविता गाण्यावाचून सुटी होऊन विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरते. भावगीताचे प्रकरण शिकवताना मी वर्गात विचारले, हिच्यापुढे कोणते गाणे येते? निम्म्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते, गाणे लावायची गरज आहे की नाही, यावर एकमेकांशी वाद घालू लागले.